मूल शासनाच्या ताब्यात असताना उत्तरदायी कोण?

हरवलेले, टाकून दिलेले, घरातून पळालेले किंवा घरातच छळ सोसलेले मूल बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्यात नेमलेल्या बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते आणि समिती त्याला बालगृहात ठेवण्याचा आदेश काढते. तेव्हापासून त्या मुलाने कोठे झोपायचे, काय जेवायचे, कोणत्या शाळेत जायचे, आईला केव्हा भेटायचे आणि ताप आला तर कोणत्या दवाखान्यात जायचे, हे सारे शासनाच्या हाती जाते. आईवडिलांनी मुलाची हेळसांड केली तर त्यांना जाब विचारण्याची सोय कायद्यात आहे आणि समाजही त्यांना सोडत नाही. तीच हेळसांड शासनाच्या छपराखाली झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले असूनही प्रत्यक्षात कोणीच सांगत नाही. नागपुरातील एका बालगृहात गेली काही वर्षे दर रविवारी मुलांना गणित शिकवायला जात असल्यामुळे हा प्रश्न मला जवळून पाहायला मिळाला आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो आहे. बाल न्याय कायद्याचे कलम 74 मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. त्यामुळे मुलाची किंवा संस्थेची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे दिलेला नाही.

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. या एका गोष्टीमुळे आपल्या शहरातील बालगृहांचे स्वरूप इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळे झाले आहे. स्थानकावर रेल्वे पोलिसांना एकटी सापडणारी मुले केवळ विदर्भातली नसतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण अशा कोठूनही ती आलेली असतात. कोणी मारझोडीला कंटाळून निघालेले असते, कोणाला कामाला लावतो म्हणून आणलेले असते, कोणी गर्दीत आईवडिलांपासून तुटलेले असते. कायद्यानुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावे लागते आणि नागपुरात हे बहुतेक वेळा नीट होते, असे माझे निरीक्षण आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मूल सापडल्याची बातमी होते, पण ते पुढे किती दिवस आणि कशासाठी थांबून राहिले याची बातमी होत नाही.

अशाच एका मुलाचे उदाहरण देतो. दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा शेजारच्या राज्यातला. त्याच्या गावाचा पत्ता लागला होता, घरच्यांशी फोनवर बोलणे झाले होते, तिकडच्या जिल्ह्याच्या समितीनेही त्याला स्वीकारण्याची तयारी कळवली होती. आई वीटभट्टीवर कामाला असल्यामुळे तिला स्वतः येऊन मुलाला नेणे शक्य नव्हते. समितीने मुलाला त्याच्या जिल्ह्यात पोहोचवण्याचा आदेश काढला. कायद्याच्या कलम 95 नुसार असा आदेश विशेष बाल पोलीस पथकाच्या नावे निघतो आणि पथकाने 15 दिवसांच्या आत मुलाला पोहोचते करायचे असते. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस असलीच पाहिजे. सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ द्यावा, इतकी बारीक काळजीही याच कलमात घेतलेली आहे, कारण पैसे नाहीत म्हणून मूल अडकून पडू नये हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

तरीही हा मुलगा अडकला. आदेश निघाला तेव्हा थंडी नुकती सुरू झाली होती. पहिले पत्र गेले, उत्तर आले नाही. मग स्मरणपत्र गेले. त्यावर जे उत्तर आले ते बालगृहाच्या अधीक्षक मॅडमनी मला दाखवले: हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे मनुष्यबळ उपलब्ध नसल्याने सदर कार्यवाही बंदोबस्त संपल्यानंतर करण्यात येईल. अधिवेशन संपले, वर्षअखेरीचा बंदोबस्त आला, मग आणखी काही आले. संक्रांतीला बालगृहात तिळगूळ वाटला तेव्हा मुलगा तेथेच होता. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने नागपूरहून आपल्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची स्थानके ओळीने लिहून काढली होती आणि दर रविवारी मी दारातून आत येताच तो एकच विचारायचा, ‘सर, गार्ड मिला क्या?’ पोलीस सोबत मिळण्याला बालगृहात गार्ड मिळणे म्हणतात, हे त्याला कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावरून कळले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस तो घरी गेला. मधल्या काळात त्याची शाळा बुडाली, आईची आशा मावळत गेली आणि आपण काहीतरी चूक केली म्हणूनच आपल्याला येथे ठेवले आहे अशी त्याची समजूत झाली. ती समजूत काढून टाकणे मला जमले नाही.

या प्रकरणात दोषी कोण, हे मी शोधण्याचा प्रयत्न केला. समितीने आदेश काढला होता. बालगृहाने जावक क्रमांक टाकून पत्रे पाठवली होती आणि पोच जपून ठेवली होती. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पाठपुरावा केल्याची नोंद होती. पोलिसांकडे मनुष्यबळ नव्हते आणि तसे त्यांनी लेखी कळवलेही होते. प्रत्येक कार्यालयाची फाईल आपापल्या जागी पूर्ण होती. एवढे सगळे कागद बिनचूक असताना एक मूल विनाकारण महिनोन्‌महिने डांबल्यासारखे राहिले, आणि त्याबद्दल कोणालाही कारणे दाखवा नोटीस निघाली नाही. आपल्या राज्यात शासकीय कामातील विलंबाला आळा घालण्यासाठी 2005 साली खास कायदा झाला, ज्याला आपण बोलताना दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो, आणि तातडीच्या फाईलसाठी मुदत त्याहून कमी आहे. मुलाच्या घरी जाण्याची फाईल तातडीची नसेल तर मग कोणती असते, हे मला समजत नाही. सातबाऱ्याच्या फेरफारासाठी या कायद्याचा हवाला देणारे नागरिक मी पाहिले आहेत. मुलाच्या वतीने तो हवाला द्यायला मात्र कोणी नसते, कारण ज्यांनी द्यायचा तेच त्या दिरंगाईचे भागीदार असतात.

अत्याचाराच्या घटनेनेच मी सुरुवात का केली नाही, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे की अत्याचार निदान गुन्हा म्हणून ओळखला जातो. कलम 75 नुसार संस्थेत काम करणाऱ्या किंवा संस्था चालवणाऱ्या व्यक्तीने मुलावर क्रौर्य केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिरंगाईला आणि रिकाम्या खुर्चीला असे कलम नाही. आणि ज्या संस्थेत दुर्लक्ष मुरलेले असते तेथेच अत्याचाराला वाट मिळते, ही गोष्ट या देशात पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे.

मुझफ्फरपूरचे प्रकरण येथे नीट समजून घ्यायला हवे. बिहारमधील त्या बालिकागृहात मुलींवर होणारे अत्याचार 2018 मध्ये जगापुढे आले, ते शासकीय तपासणीमुळे आले नाहीत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने राज्यातील निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले, मुलींशी त्यांना बोलते करत संवाद साधला आणि जे ऐकले ते अहवालात लिहिले. तोपर्यंत तेथे अधिकारी येत-जात होतेच. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला आणि जानेवारी 2020 मध्ये 19 जण दोषी ठरले. त्या दोषींमध्ये जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचे तत्कालीन अध्यक्ष आणि बाल संरक्षण अधिकारी होते. ज्यांच्या सहीने मुली तेथे राहत होत्या आणि ज्यांनी त्यांची विचारपूस करायची होती, तेच गुन्ह्यात सामील निघाले. ही परराज्यातील गोष्ट आहे म्हणून आपण सुटत नाही. आपल्याकडे पनवेलजवळच्या कळंबोलीत, मतिमंद मुलींना ठेवलेल्या संस्थेतील भयंकर प्रकार 2011 मध्ये उघड झाला होता आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या होत्या.

तपासणी या शब्दावर आपली सारी व्यवस्था उभी आहे, म्हणून ती तपासणी कशी होते ते सांगतो. कायद्याच्या कलम 54 नुसार तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून निदान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल द्यावा आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही व्हावी, असे कायदा म्हणतो. 2021 मध्ये झालेल्या आणि 1 सप्टेंबर 2022 पासून लागू असलेल्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आणखी वाढवली. बाल कल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा त्यांनी घ्यायचा असतो, आणि समितीविषयी कोणाची तक्रार असेल तर ती ऐकण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. म्हणजे उत्तरदायित्वाची साखळी कागदावर तुटलेली नाही. बालगृहापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत, तेथून पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत ती जाते.

प्रत्यक्षात काय होते ते बालगृहाच्या शेरेबुकात दिसते. मी जातो त्या संस्थेचे शेरेबुक एकदा हातात आले. जाड पुठ्ठ्याचे, लाल कापडी पाठीचे. मागची पाने चाळली तर वेगवेगळ्या पदनामांच्या शिक्क्यांवर जवळपास तेच शब्द दिसत होते: संस्थेस भेट दिली, प्रवेशितांची संख्या पाहिली, स्वयंपाकगृह व स्वच्छतागृह पाहिले, कामकाज समाधानकारक, परिसर स्वच्छ ठेवावा. एका पानावर बाथरूमच्या दाराला आतून कडी नसल्याचा उल्लेख होता. पुढच्या भेटीच्या शेऱ्यात त्याविषयी काहीच नव्हते, त्यानंतरच्यातही नव्हते. मी ते दार जाऊन पाहिले. कडी नव्हतीच, एका मुलीने ओढणीचा तुकडा बांधून दार आतून ओढून धरायची सोय केली होती. कडीची किंमत किती असेल? ज्या अधिकाऱ्याने ती बाब लिहिली त्यांचे मी मनापासून आभार मानतो, कारण त्यांनी निदान पाहिले. पण त्यांच्या शेऱ्यावर काय झाले हे पाहण्याचे काम ज्यांचे होते, त्यांचे पदनाम कायद्यात लिहिलेले आहे आणि त्यांना कोणी काही विचारलेले नाही. (ती कडी पुढे स्थानिक दात्यांनी बसवून दिली. दात्यांच्या चांगुलपणाने शासनाची चूक झाकली जाते, आणि असे विदर्भातल्या अनेक संस्थांत रोज घडते.)

शेरेबुकात मुलांचे म्हणणे कोठेच नव्हते. भेटीला आलेल्यांपैकी कोणी मुलांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलले होते का, हे त्यावरून कळत नाही. मुलांची बाल समिती, सूचनापेटी वगैरे गोष्टी नियमांत आहेत आणि पेटी भिंतीवरही आहे, पण तिची किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्यांच्याच टेबलाच्या खणात असेल तर त्या पेटीचा उपयोग काय.

आणि घटना घडलीच, तर काय होते? चौकशी समिती नेमली जाते, काळजीवाहक किंवा अधीक्षक निलंबित होतात, संस्था अशासकीय असेल तर तिची मान्यता रद्द होते आणि मुले दुसऱ्या संस्थेत हलवली जातात. या शेवटच्या गोष्टीचा विचार कोणी करत नाही: आधीच घर गमावलेल्या मुलाचे ते दुसऱ्यांदा उखडणे असते, आणि शाळा, मैत्रीण, ओळखीची स्वयंपाकीण हे सारे एका दिवसात सुटते. चौकशी अहवाल सार्वजनिक होत नाही. खालच्या पायरीवर जबाबदारी थांबवण्याची ही सवय फक्त बालगृहांपुरती नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागून 10 अर्भके दगावली, तेव्हा निलंबने झाली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर हे घडले. रात्रपाळीच्या परिचारिकेची जबाबदारी असेल तर ती ठरवली जावी, पण तिच्या वर किती पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर बसलेल्यांनी त्याआधी कोणते कागद पाहिले होते, हेही त्याच जोराने विचारले गेले पाहिजे.

खालच्या पायरीवरचे लोक कोण असतात, तेही सांगायला हवे. बालगृहातील समुपदेशक, काळजीवाहक आणि संरक्षण कक्षातील बरेच कर्मचारी कंत्राटी आहेत. मानधन वेळेवर न मिळणे, एका व्यक्तीकडे दोन-तीन पदांचा अतिरिक्त कार्यभार असणे, हे नेहमीचेच. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, महिन्यातून निदान 20 दिवस समितीने बसावे असा नियम आहे, आणि समितीची मुदत तीन वर्षांची असते. मुदत कधी संपणार हे नेमणुकीच्याच दिवशी ठाऊक असते. तरीही नवी समिती वेळेवर नेमली जात नाही आणि शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार सोपवला जातो, असे प्रकार घडतात. बाल न्याय कायद्याची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून संपूर्णा बेहुरा यांनी केलेल्या याचिकेवर 9 फेब्रुवारी 2018 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदे भरण्याबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले होते. ती याचिका 2005 साली दाखल झाली होती. तेरा वर्षांत त्यातल्या मुलांचे वय काय झाले असेल, हा हिशेब मी रविवारच्या वर्गात कोणाला घालणार नाही.

गोपनीयतेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कलम 74 मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता उघड होऊ नये म्हणून आहे, आणि ते अत्यंत आवश्यक आहे. परंतु कोणतीही माहिती मागितली की हेच कलम पुढे केले जाते. किती संस्थांची तपासणी वेळेत झाली, किती मुले आदेशानंतर 15 दिवसांहून अधिक काळ सोबतीअभावी थांबली, किती प्रकरणांत बाल कल्याण समितीची मुलाविषयीची चौकशी चार महिन्यांच्या मुदतीत पूर्ण झाली नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा तिमाही आढावा कोणत्या तारखांना झाला आणि त्यात काय ठरले, यांपैकी एकाही उत्तरात कोणत्याही मुलाचे नाव यायचे कारण नाही. मुलाची ओळख झाकण्यासाठी घातलेला पडदा कार्यालयांची निष्क्रियता झाकण्यासाठी वापरला जात असेल, तर त्या कलमाचा तो सरळ गैरवापर आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 तर अशी माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करायला सांगते.

येथे नागपूरकर म्हणून आपल्याला एक संधी आहे, जी इतर जिल्ह्यांना नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे अधिवेशन येथे होते. अंगणवाडी सेविका, आश्रमशाळांचे कर्मचारी, शेतकरी, सगळ्यांचे मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात आणि निदान निवेदन तरी स्वीकारले जाते. बालगृहातील मुलांचा मोर्चा निघू शकत नाही. त्यांना मत नाही, त्यांची संघटना नाही, आणि त्यांचे पालक म्हणून कागदावर जे शासन आहे त्याच्याचविरुद्ध त्यांची तक्रार आहे. त्यांच्या वतीने तारांकित प्रश्न विचारला जावा, लक्षवेधी लागावी, ही अपेक्षा आपल्या आमदारांकडून आपणच करायची आहे. प्रश्नही अवघड नाहीत. प्रत्येक जिल्ह्यातील तपासणी अहवाल, मुलांची ओळख वगळून, संकेतस्थळावर का नाहीत? कायद्याच्या कलम 55 मध्ये स्वतंत्र व्यक्ती व संस्थांकडून मूल्यमापन करवून घेण्याची तरतूद आहे. विदर्भातील बालगृहांचे असे मूल्यमापन शेवटचे केव्हा झाले आणि त्याचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला का? बालगृहात मूल दगावले किंवा त्याच्यावर अत्याचार झाला, तर त्या संस्थेच्या मागील चार तपासण्यांवर सही करणाऱ्यांची आपोआप चौकशी होईल असा शासन निर्णय काढण्यात अडचण कोणती आहे? आणि अधिवेशनाच्या बंदोबस्तातून एका मुलासाठी दोन पोलीस, ज्या काळात शासन स्वतः या शहरात मुक्कामाला असते त्याच काळात, का मिळू शकत नाहीत?

न्यायालयाचा मार्गही आहे. शासनाच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला तर शासनाने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नीलाबती बेहेरा प्रकरणात 1993 सालीच स्पष्ट केले आहे. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार तुरुंगातील मुलांसाठी न्यायालयात गेल्या, ते 1986 साल होते, आणि त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा केला. भरपाई मुलाच्या नावे बँकेत जमा होणे चांगलेच. परंतु ती जनतेच्या पैशातून जाते आणि चूक करणाऱ्याच्या खिशाला, बढतीला किंवा सेवापुस्तिकेला धक्का लागत नाही, तोवर पुढच्या मुलाच्या फाईलवर तिचा काही परिणाम होईल असे मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दाखल केला आहे. त्यात मागील दोन वर्षांतील तिमाही आढाव्यांच्या तारखा व इतिवृत्ते, तपासणी समितीच्या भेटींच्या तारखा, अहवालांवर झालेल्या कार्यवाहीची संख्या आणि कलम 95 खालील आदेशांपैकी 15 दिवसांत अंमलात आलेल्या व न आलेल्या आदेशांची संख्या, एवढेच मागितले आहे. मुलांची ओळख पटेल असा मजकूर वगळावा, असे अर्जातच नमूद केले आहे. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. जे उत्तर येईल ते, किंवा उत्तर नाकारले गेले तर नाकारल्याचे पत्र, मी येथे जसेच्या तसे प्रसिद्ध करीन. विदर्भातील इतर जिल्ह्यांतील कोणाला असाच अर्ज करावयाचा असेल तर अर्जाचा मसुदा मागवून घ्यावा, मी तो पाठवून देईन.